ताईंना नावं कुणी ठेवली?

पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १९९९पासून सर्वोत्तम कॅडेटला एक सुवर्णपदक दिलं जातं. त्या पदकाला नाव आहे लाचित बोरफुकन यांचं. १६७१मध्ये गुवाहाटीजवळ सराईघाटला ब्रह्मपुत्रेच्या पात्रात मोगलांना धूळ चारणारे हे आहोम सेनापती. समोरच्या फौजेचा प्रमुख होता मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग. आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी जामीन राहिलेला तोच. या एका धाग्यामुळे मराठी माणसाला सराईघाट परका वाटत नाही आणि 'आहोम' हा शब्दही एव्हाना त्याच्या कानावरून गेलेला असतो.

पण 'आहोम' हे नाव त्या लोकांनी स्वतःहून घेतलेलं नव्हतं. १२२८मध्ये पाटकाईचे डोंगर ओलांडून सुकाफा आपल्या माणसांसह ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला, तेव्हा ही मंडळी स्वतःला 'ताई' म्हणवत होती. खोऱ्यातल्या आधीच्या रहिवाशांनी त्यांना 'असम' किंवा त्याच्या जवळचं काहीतरी म्हटलं. असमियात 'स'चा उच्चार घशातून, 'ख' आणि 'ह'च्या मधून निघतो. त्यामुळे 'असम'चं 'आहोम' झालं. सिंधूचं हिंदू झालेलं आपल्याला ठाऊक आहे, तसाच हा प्रवास. बाहेरून आलेल्या लोकांना शेजाऱ्यांनी दिलेलं हे नाव पुढे साऱ्या प्रदेशाचं झालं, असं बरेच अभ्यासक मानतात. 'असम' म्हणजे ज्याच्या तोडीचं कुणी नाही, ही संस्कृत व्युत्पत्तीही सांगितली जाते. वाद अजून मिटलेला नाही. एवढं मात्र खरं, की सहाशे वर्षं राज्य करणाऱ्या घराण्याचं स्वतःचं नाव नकाशावर कुठेच उरलं नाही.

मराठीत 'ताई' म्हटलं की थोरली बहीण डोळ्यांपुढे येते, त्यामुळे हा शब्द जमातीचं नाव म्हणून वाचताना पहिल्यांदा अडखळायला होतं. पण तो आहे फार मोठ्या पसाऱ्याचा. चीनमधल्या ग्वांग्शीपासून व्हिएतनाम, लाओस, थायलंड, म्यानमार करत अरुणाचल आणि आसामपर्यंत ज्या भाषा बोलल्या जातात, त्यांचं हे कुटुंब. त्यातले कित्येक समाज आजही घरात स्वतःला 'ताई' किंवा 'थाई' म्हणतात. घराबाहेर मात्र त्यांना शान, लाओ, थाय, तै, नुंग, च्वांग, खामती, फाके, आहोम अशी डझनावारी नावं आहेत. काही त्यांनी घेतली, काही शेजाऱ्यांनी दिली, काही सरकारांनी डकवली. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. ताईंच्या इतिहासात ते अंतर पुष्कळदा तेवढंही उरलेलं नाही.

याचा सर्वांत बोचरा पुरावा चिनी लिपीत आहे.

चिनी अक्षराच्या डाव्या बाजूला बहुधा एक छोटं चिन्ह असतं. शब्द कोणत्या जातकुळीतला आहे, ते त्यावरून कळतं. पाण्याशी संबंधित शब्दाला पाण्याचं चिन्ह, माणसाशी संबंधित असेल तर माणसाचं. ग्वांग्शीतल्या च्वांग लोकांचं नाव शतकानुशतकं ज्या अक्षराने लिहिलं जाई, त्याच्या डावीकडे कुत्र्याचं चिन्ह होतं. महसुलाच्या कागदावर, बंडाच्या बातमीत, बखरीत, जिथे जिथे या लोकांचा उल्लेख येई तिथे ते चिन्ह त्यांच्या नावाला चिकटलेलं असे. विसाव्या शतकात कुत्र्याच्या जागी माणसाचं चिन्ह आलं. १९६५मध्ये चौ एन-लाय यांच्या सूचनेवरून अक्षरच बदललं आणि 'बलवान' या अर्थाचं नवं अक्षर रूढ झालं. उच्चार जवळपास तोच राहिला. नावातलं जनावर गेलं. आज चीनमधला हा सर्वांत मोठा अल्पसंख्य समाज आहे, दोन कोटींच्या आसपास.

तरी 'च्वांग' हे एकच नाव त्या दोन कोटींना पुरं पडतं का? मुळीच नाही. कुणी स्वतःला 'पू रौ' म्हणतं, कुणी 'पू नोंग', कुणी 'पू तो'. यातला 'पू' म्हणजे माणूस. त्यांतल्याच नोंग लोकांचे भाऊबंद सीमेपलीकडे व्हिएतनामात राहतात आणि तिथल्या सरकारी यादीत त्यांची नोंद 'नुंग' म्हणून स्वतंत्र आहे. अकराव्या शतकात सुंग साम्राज्याविरुद्ध उठाव करणारा नोंग चिगाव हा दोन्हीकडच्यांचा वीरपुरुष. वीर एक, भाषा एकमेकींना लागून, मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आणि तिच्या दोन बाजूंना दोन नावं.

युनान प्रांतातल्या ताईंची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना चिनी लोक 'पाय-यी' म्हणत, आणि त्यातला 'यी' हा रानटी परक्यांसाठी वापरायचा शब्द. त्याचेही पोटभेद होते, 'पाण्याकाठचे पाय-यी' आणि 'कोरड्या जमिनीवरचे पाय-यी'. १९५०च्या दशकात ही नावं बंद करायचं ठरलं आणि त्यांच्यासाठी एक नवंकोरं अक्षर घडवण्यात आलं. डावीकडे माणूस, उच्चार 'ताई'. रोमन लिपीत चिनी लिहिण्याच्या पद्धतीत हा उच्चार 'डी-ए-आय' असा लिहितात, कारण त्या पद्धतीत 'डी' हे अक्षर 'त'साठी आहे. मराठी मजकुरात मात्र ते स्पेलिंग पाहून सर्रास 'दाई' छापलं जातं. म्हणजे युनानमधला समाज स्वतःला 'ताई' म्हणतो, चिनी सरकारही आता 'ताई'च म्हणतं, आणि बाळंतपण करणारी बाई या अर्थाचा शब्द त्यांच्या कपाळी मराठी छपाई मारते. लिहिणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं, हे कबूल. पण 'त', 'थ', 'द' हे तिन्ही उच्चार वेगळे दाखवणारी लिपी हाताशी असताना इंग्रजी स्पेलिंगच्या खिडकीतून डोकावण्याची ही सवय सोडायला हवी.

देवनागरीत या कुटुंबाचं एक मोठं कोडं किती सहज सुटतं, तेही पाहण्यासारखं आहे. 'ताई' आणि 'थाई' हे दोन वेगळे शब्द नाहीत. फार पूर्वी या शब्दाच्या आरंभी 'द'सारखा घोष उच्चार होता. काळाच्या ओघात त्यातला घोष गेला. मात्र बँकॉक आणि लाओसच्या बाजूला त्याचा महाप्राण 'थ' झाला, तर शान, खामती, लू आणि चियांग माईकडच्या बोलींत अल्पप्राण 'त' राहिला. हा नियम एकट्या या शब्दापुरता नाही, शेकडो शब्दांना लागू पडतो. इंग्रजीत त्यासाठी 'एच' घालू की नको याची खलबतं होतात. मराठी मूल पहिलीतच 'त' आणि 'थ' वेगळे घोकतं.

थायलंडच्या लिपीत तर यावर आणखी एक अक्षर चढलं आहे. देशाचं नाव लिहिताना 'थाई'च्या शेवटी एक मूक 'य' असतो. कुटुंबातल्या बाकी समाजांविषयी लिहिताना तो 'य' गाळतात. कानाला फरक कळत नाही, कागदावर मात्र राष्ट्र कुठे संपतं आणि भाऊबंद कुठे सुरू होतात, हे एका न बोलणाऱ्या अक्षराने ठरतं.

त्या देशाचं नाव १९३९पर्यंत सयाम होतं. हे नावही बाहेरच्यांचंच. अकराव्या शतकातल्या चंपा राज्याच्या शिलालेखात 'श्याम' असा उल्लेख आहे, बाराव्या शतकातल्या पगानच्या शिलालेखांत आहे, अंकोरवाटच्या भिंतीवर कोरलेल्या एका सैन्यदलाच्या चित्राशेजारीही 'श्याम' हा शब्द आहे. बर्मी भाषेतलं 'शान' हे त्याचंच रूप. 'असम'ही त्याच घरातला असावा, असं भाषातज्ज्ञ ग्रियर्सनच्या काळापासून मांडलं जात आलं आहे. मुळात या शब्दाचा अर्थ काय, यावर एकमत नाही. कुणी संस्कृत 'श्याम'कडे बोट दाखवतं, कुणी आणखी कशाकडे. तीन दिशांना राहणाऱ्या एका कुळाला तीन वेगवेगळ्या शेजाऱ्यांनी जवळजवळ एकाच नावाने हाक मारावी आणि त्या हाकेचा अर्थ लागू नये, हे कोडं पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांना खुणावत राहिलं यात नवल नाही.

२४ जून १९३९ रोजी पिबुन सोंगक्राम यांच्या सरकारने फर्मान काढून 'सयाम' पुसलं आणि 'थायलंड' आणलं. स्वतःचं नाव स्वतः घेण्यात आक्षेपार्ह काय, असं वाटेल. पण त्याच मालिकेतल्या ऑगस्टमधल्या आणखी एका फर्मानाने सांगितलं की देशातल्या सर्वांना फक्त 'थाई' म्हणायचं. उत्तरेचे थाई, दक्षिणेचे थाई, मुस्लिम थाई असले भेद चालणार नाहीत. म्हणजे बाहेरच्यांनी दिलेलं नाव टाकताना आतल्या कित्येकांची नावंही एका फटक्यात गेली. पुढे १९४२मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत थाई फौजांनी शान प्रदेशातलं केंगतुंग घेतलं, तेव्हा त्या मुलखाला 'मूळ थाईंचं संघराज्य' असं नाव देण्यात आलं. आपण सारे एकाच रक्ताचे, ही भाषा तिथे रणगाड्यांच्या मागून आली होती. १९४५नंतर तो मुलूख परत गेला, देशाचं नावही काही वर्षं पुन्हा सयाम झालं आणि मग थायलंड कायम राहिलं.

याच काळातली एक गोष्ट नावाच्या मोहात माणूस कुठवर वाहवतो, ते दाखवते. खुन विचितमात्रा यांच्या १९२८च्या 'लक थाई' या पुस्तकात थाईंचं मूळ मंगोलियाकडच्या अल्ताई पर्वतात असल्याचं मांडलं गेलं. अल्ताईत 'ताई' ऐकू येतं, हे त्यामागचं मोठं आकर्षण. ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांत गेली आणि मुलांच्या पिढ्या ती पाठ करत वाढल्या. आज भाषाशास्त्रज्ञ या कुटुंबाचं मूळ ग्वांग्शी आणि उत्तर व्हिएतनामच्या सीमाभागात मानतात, जिथे या भाषांमधली विविधता सर्वांत दाट आहे. अल्ताईशी त्यांचा काहीही संबंध नाही.

नाव पुसण्याचं जे उदाहरण मराठी वाचकाला सर्वांत जवळचं वाटावं, ते मात्र पिबुनच्या आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयामचा राजा चुलालोंगकोर्न याच्या राज्यात उत्तरेच्या आणि ईशान्येच्या मोठ्या प्रांतांची नावं 'लाओ' शब्दाने सुरू होत. लाओ काओ, लाओ फुअन, लाओ चियांग. मेकाँगच्या पलीकडे फ्रेंच येऊन बसले होते आणि 'जिथे लाओ आहेत तो मुलूख आमचा' असं ते म्हणतील, ही धास्ती होती. तेव्हा १८९९–१९००च्या सुमारास ही नावं बदलण्यात आली. नवी नावं होती इसान, उदोन आणि फायाप. मराठी कानाने ती पुन्हा एकदा ऐकावीत: ईशान, उत्तर, वायव्य. प्रांताला म्हणायचे 'मोन्थोन', म्हणजे मंडल. लोकांचं नाव काढून त्या जागी दिशेचं नाव ठेवलं, आणि त्यासाठी शब्द आणले संस्कृतातून. दिशा कुणाच्या घराच्या? अर्थातच बँकॉकच्या. आज थायलंडच्या ईशान्य भागातले दोन कोटींच्या आसपास लोक घरात लाओची बोली बोलतात आणि स्वतःला 'खोन इसान', ईशान्येची माणसं म्हणवतात. लाओस या देशाच्या साऱ्या लोकसंख्येपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडच्या सात-आठ राज्यांना मिळून सरसकट 'ईशान्य' म्हणण्याची सवय इथे आठवल्याशिवाय राहत नाही. ती दिशा दिल्लीच्या घराची.

काही नावं तर कपड्यांवरून पडली. व्हिएतनामच्या वायव्य डोंगरात ताई दाम, ताई खाओ, ताई देंग म्हणजे काळे, पांढरे आणि तांबडे ताई राहतात. बायकांच्या चोळीच्या रंगावरून ही नावं आली असं सर्वसाधारणपणे सांगतात. व्हिएतनाम सरकारच्या ५४ समाजांच्या यादीत त्या सर्वांची नोंद 'थाई' अशी एकत्र आहे, सुमारे १८ लाख. त्याच यादीत जवळपास तेवढ्याच संख्येचा 'तै' नावाचा दुसरा समाज आहे, चीनच्या सीमेलगतचा. शब्द तोच, यादीत रकाने दोन.

यांतल्या काळ्या ताईंचा माग काढला की एका समाजाला किती नावं झेलावी लागतात ते कळतं. १७७९पासून सयामच्या फौजांनी त्यांच्यातली हजारो माणसं युद्धकैदी म्हणून पकडून नेली आणि बँकॉकच्या नैर्ऋत्येला फेच्चबुरीत वसवली. तिथे शेजाऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं 'लाओ सोंग'. सोंग म्हणजे विजार. काळ्या विजारी घालणारे लाओ. ते लाओ नव्हते. पण मेकाँगकडून आलेला प्रत्येक माणूस बँकॉकला लाओच वाटे. दोनशे वर्षांनंतर त्यांचे वंशज 'थाई सोंग दाम' हे नाव पसंत करतात. मागे डोंगरात राहिलेल्यांच्या नशिबी आणखी घडामोडी होत्या. ज्या दरीत १९५४मध्ये फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला ती जगाला दिएन बिएन फू म्हणून माहीत आहे. ताईंसाठी ती मुअंग थेंग, त्यांच्या आद्य राजाच्या दंतकथेतली भूमी. त्या पराभवानंतर काही काळे ताई लाओसला गेले आणि १९७५मध्ये तिथूनही निघाले. आपल्या माणसांना एकत्र राहू द्या, अशी विनंती त्यांनी अमेरिकेतल्या राज्यांना केली. आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी होकार दिला आणि मक्याच्या शेतांच्या त्या राज्यात सुमारे बाराशे जण वसले. तिथे मात्र ते 'ताई दाम' म्हणूनच नोंदले गेले. कैदी म्हणून नेलेल्यांचं नाव विजारीवरून पडलं. आसरा मागत आलेल्यांना त्यांचं नाव विचारण्यात आलं.

आता पुन्हा आपल्या देशात. नावं बदलली तरी आतले शब्द किती चिवट असतात, ते इथे दिसतं. आहोम राजाला आपण 'स्वर्गदेव' म्हणून वाचतो. ते ताई भाषेतल्या 'चाओ फा' या उपाधीचं रूपांतर. चाओ म्हणजे धनी, फा म्हणजे आकाश. शान राजांची 'साओफा' ही उपाधी तीच, आणि तिचा बर्मी उच्चार 'सॉब्वा'. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक हे असेच एक साओफा होते. अरुणाचलच्या नामसाई आणि चौखाम भागात आजही खामती पुरुषांच्या नावाआधी 'चाओ' लागतो आणि बायकांच्या नावाआधी 'नांग'. नामसाईतलं 'नाम' म्हणजे पाणी. नामरूप, नामदांग, नामफाके या सगळ्यांत तेच पाणी वाहतं. खामतीमधलं 'खाम' म्हणजे सोनं.

आणि तांदूळ! भिजवलेला चिकट तांदूळ बांबूच्या कांडात भरतात, तोंड पानाने बंद करतात आणि कांडं निखाऱ्यावर फिरवत भाजतात. मग बांबूची वरची साल सोलून काढली की आत पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली भाताची पांढरी नळी निघते आणि तिला हिरव्या बांबूचा वास असतो. चौखाममध्ये तिला 'खाओ लाम' म्हणतात. थायलंडच्या रस्त्याकडेला नारळाचं दूध घालून तीच चीज विकतात, तिथेही नाव 'खाओ लाम'च. दोन्हीकडच्या माणसांच्या वाटा शतकांपूर्वीच वेगळ्या झाल्या. राज्यकर्त्यांनी जमातींची नावं बदलली; भाताचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही.

आहोमांची भाषा मात्र बोलण्यातून गेली. राज्य होतं, बुरंजी म्हणजे बखरी होत्या, देवधाई, मोहन आणि बाइलुंग या पुरोहितांनी पोथ्या जपल्या, तरी दोनशे वर्षांपूर्वीच ती घराघरांतून उठली होती. त्यात एक मोठी अडचण अशी की आहोम लिपीत सूर दाखवत नाहीत. ताई भाषांत 'मा' एका सुरात 'येणं', दुसऱ्यात 'कुत्रा', तिसऱ्यात 'घोडा'. पोथीत तिन्ही एकसारखेच. बोलणारं माणूस उरलं नाही की अक्षर शाबूत असून अर्थ निसटतो. म्हणूनच गेल्या साठेक वर्षांत आहोमांनी आपल्या नावाआधी 'ताई' पुन्हा लावायला सुरुवात केली, हे समजून घेण्यासारखं आहे. १८९३मध्ये पद्मनाथ गोहाइं बरुआ यांनी स्थापन केलेल्या सभेचं नाव नुसतं 'आहोम सभा' होतं. आज संस्था, सण, मागण्या सगळीकडे 'ताई-आहोम' आहे. शेजाऱ्यांनी दिलेलं नाव त्यांनी टाकलं नाही. त्या नावाने त्यांनी सहाशे वर्षं राज्य केलं, ते आता त्यांचंच आहे. त्याच्याआधी त्यांनी आपलं घरचं नाव जोडलं. जुलै २०२४मध्ये चराइदेवच्या मैदामांना, म्हणजे आहोम राजांच्या समाधीच्या टेकड्यांना, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा या जोडनावाला जगाच्या नकाशावर जागा मिळाली.

म्हणून 'बाहेरून आलेलं नाव वाईट आणि घरचं तेवढं खरं' असा सरळ नियम इथे चालत नाही. पिबुनचं 'थाई' घरचं होतं आणि त्याने कित्येकांची नावं गिळली. 'आहोम' बाहेरचं होतं आणि ते घरचं झालं. नाव घेण्याचा, जोडण्याचा, टाकण्याचा निर्णय त्या लोकांनी केला का, हे पाहायला हवं. बंगालमध्ये मराठ्यांना अजूनही 'बर्गी' म्हणतात, बारगीर या शब्दावरून, आणि त्या शब्दात अठराव्या शतकातल्या लुटीची आठवण आहे. उद्या एखाद्या सरकारी यादीत मराठी माणसाची जात 'बर्गी' अशी छापून आली, तर कसं वाटेल?

आसामातल्या काही ताईंवर हीच वेळ आली आहे. आसामी भाषेत बर्मी माणसाला 'मान' म्हणतात. १८१७ ते १८२६ या काळात बर्मी फौजांनी आसामात जो हाहाकार केला, त्याला आजही 'मानर दिन', मानांचे दिवस म्हणतात. कत्तली, लुटालूट, हजारो माणसं गुलाम म्हणून पाटकाईपार नेलेली. आसामी घरांत या शब्दाची भीती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आणि आसामच्या स्वायत्त जिल्ह्यांसाठीच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कार्बी आंगलाँगमधल्या आइतोन, तुरुंग अशा छोट्या ताई समाजांना जागा आहे ती 'मान (ताई भाषिक)' या नावाखाली. ते ब्रह्मदेशाच्या बाजूने आले एवढाच काय तो संबंध. कंसात 'ताई' आहे, पण नाव म्हणून पुढे आहे तो आक्रमकाचा शब्द. मुलाला शाळेत घालताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्या समाजातल्या माणसाने हा दाखला पुढे करायचा.

हे बदलता येत नाही, असं कुणी म्हणू नये. त्याच जिल्ह्याचं नाव पूर्वी 'मिकिर हिल्स' होतं. 'मिकिर' हा शब्दही इतरांनी दिलेला. १९७६मध्ये जिल्हा 'कार्बी आंगलाँग' झाला आणि पुढे यादीतही 'कार्बी' आलं. शेजारच्या अरुणाचलासाठी तर संसदेने ऑगस्ट २०२१मध्ये कायदाच केला. जुन्या यादीतलं 'अबोर' काढलं आणि 'खाम्प्टी' या इंग्रजाळलेल्या नावाच्या जागी 'ताई खामती' लिहिलं. दोन शब्दांच्या त्या दुरुस्तीसाठी कुणाचा हक्क कमी झाला नाही, तिजोरीवर भार पडला नाही. मग ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडच्या त्यांच्याच भावंडांना 'मान' का राहावं लागतं? आसाम सरकारने त्या गावांत जाऊन विचारावं, त्यांच्या संघटनांशी बोलावं आणि ते सांगतील ते नाव दिल्लीला पाठवावं. संसदेने अरुणाचलसाठी जे केलं, तेच इथेही करावं.

वृत्तपत्रांच्या हातातलं काम त्याहून सोपं आहे. दरवर्षी एप्रिलच्या मध्याला नामसाईला बुद्धमूर्ती विहाराबाहेरच्या मंडपात आणतात आणि तीन दिवस त्यांना पाण्याने न्हाऊ घालतात. लाकडी पन्हळीतून पाणी मूर्तीवर पडत असतं, खाली पोरं एकमेकांना भिजवत असतात. खामती या सणाला 'सांगकेन' म्हणतात, थायलंडमध्ये तो 'सोंगक्रान', आणि मूळ शब्द आपल्याच ओळखीचा, संक्रांत; मेष राशीतली. युनानचे ताई लूही त्याच दिवसांत पाणी उडवतात. पुढच्या एप्रिलमध्ये नामसाईचं छायाचित्र संपादकाच्या टेबलावर आलं, तर खालच्या ओळीत 'ईशान्येतील आदिवासींचा पाण्याचा सण' असं लिहिण्याऐवजी 'ताई खामतींचं सांगकेन' असं लिहावं. ओळ आखूडही होईल.